साक्षीची बाटली

काकांचं नाक पेढीला विकलेलं आहे, असं त्यांची बायको म्हणायची. घरात दूध करपून पातेलं काळं झालं तरी यांना पत्ता नसायचा. आणि पेढीत मात्र तीन खोल्या पलीकडे कुणी सुवासिक साबणानं हात धुतले, की हे खुर्चीतून ताडकन उठून ‘कोण आहे तो शहाणा?’ म्हणून गरजायचे. पेढीत सगळेच त्यांना काका म्हणत. मालकीणबाई म्हणत, गाडीवरून पिंपं उतरवणारे म्हणत, टपाल आणणाराही म्हणे. त्यांना ‘साहेब’ म्हणणारी एकच व्यक्ती होती, आणि ती त्यांची सख्खी पुतणी होती.

पुतणी खाली तळघर सांभाळायची, काका वर चवीच्या खोलीत बसायचे. पेढी दर वसंतात फ्रान्समधल्या बर्गंडीची लाल वाईन पिंपांतून मागवायची. तळघरात ती काही आठवडे निवळू द्यायची, मग बाटल्यांत भरायची, आणि सहा महिन्यांनी काकांनी चाखून हो म्हटलं की ती बाजारात जायची. चाखल्यावर काका कार्डावर तीन शब्दांपैकी एक लिहायचे: पास, नापास किंवा शंका. नापास म्हणजे वाईन कमी प्रतीची. त्यात माणसाचा दोष नाही, त्या वर्षीच्या आभाळाचा दोष. शंका म्हणजे तळघरात कुणीतरी तिच्यात दुसरी वाईन मिसळली. ज्याच्या तळघरावर शंका येईल त्याची नोकरी त्याच दिवशी संपायची, आणि या धंद्यात अशा माणसाला दुसऱ्या कुठल्याही तळघराचं दार उघडत नसे.

एवढ्या वर्षांत काकांनी ‘शंका’ एकदाच लिहिली होती. बावीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या धाकट्या भावावर.

ते हलकं साल होतं. बर्गंडीची लाल वाईन मुळातच नाजूक चणीची. त्यात उन्हाळ्यात सूर्य नीट दिसला नाही, की द्राक्षं कशीबशी लाल होतात आणि पेल्यातून पलीकडची बोटं मोजता येतात. त्या वसंतात काकांनी पिंपातली वाईन चाखून कार्डावर लिहिलं होतं, ‘लालसर पाणी’. सहा महिन्यांनी बाटलीतून ओतली तर तीच वाईन चांगली गडद आणि भरलेली निघाली. तेव्हा तळघर धाकट्याकडे होतं. तो म्हणाला, “दादा, प्रवासात टिकावी म्हणून या पिंपांत गंधक जास्त घातला होता. गंधकानं रंग दबतो. तो उतरला की वाईन आपली आपण सावरते. मी हातसुद्धा लावलेला नाही. माझा शब्द आहे.”

काका सगळ्यांदेखत हसले होते. “शब्दानं रंग चढतो होय रे?” असं म्हणून त्यांनी कार्डावर शंका लिहिली आणि खाली सही ठोकली. गंधकानं रंग थोडाफार दबतो हे त्यांनाही ठाऊक होतं. पण इतका? इतका रंग आपोआप परत येतो, ही तळघरवाल्यांची जुनी थाप आहे असं त्यांचं पक्कं मत होतं. धाकटा त्याच दिवशी पेढीतून गेला. आता तो तीन गल्ल्या पलीकडे जुनी पिंपं दुरुस्त करायचा. दोघे भाऊ रस्त्यात समोरासमोर आले की एक जण पलीकडच्या कडेला जायचा. कोण जाणार ते ज्याला दुसरा आधी दिसेल त्याच्यावर.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी काकांची गत झाली. त्यांनी पेढीत नवा नियम आणला. वसंतात पिंप आलं, की त्याच दिवशी त्यातून एक बाटली भरायची, तिच्या बुचावर लाख ओतायची, लाख गरम असतानाच काकांनी तिच्यावर अंगठा दाबायचा, आणि ती बाटली चवीच्या खोलीतल्या कपाटात कुलपात ठेवायची. पुढं कधी शंका आलीच, तर ही बाटली उघडून ताडून बघायची. तिला सगळे साक्षीची बाटली म्हणायला लागले. कपाटाची किल्ली काकांच्या गळ्यात असायची. आंघोळीलाही ती उतरत नसे. “मंगळसूत्र मी एक वेळ काढून ठेवीन, पण तुमची ती किल्ली…” असं बायको म्हणे आणि पुढचं वाक्य सोडून देई. तीच बिचारी पेढीच्या बाटल्यांना लोकरीचे मोजे विणून द्यायची, म्हणजे चाखताना लेबल दिसू नये. वीस वर्षांत स्वतःसाठी तिनं एक स्वेटर विणला नव्हता.

त्या कपाटातली एकही बाटली आजवर उघडावी लागली नव्हती. बहुतेक उन्हाळे कडक गेले होते, वाईन पहिल्यापासूनच गडद यायची, आणि काकांच्या धाकानं सगळे सुतासारखे सरळ होते. निदान काका तसं समजायचे.

चार वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी काकांना न विचारता पुतणीला, म्हणजे त्याच धाकट्याच्या मुलीला, तळघरात घेतलं. पोरगी कामाला चोख होती, हे काकांनाही नाकारता येत नव्हतं. नाकारता येत नव्हतं म्हणूनच ते डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवायचे. ती हसली तर का हसली, गप्प बसली तर काय लपवते आहे. खाण तशी माती, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आणि या वर्षी बावीस वर्षांपूर्वीसारखं फिकट, पडेल साल आलं. काकांना वाटलं, आता बघू.

चाखण्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी, दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून काका तळघरात उतरले. बर्गंडीच्या बाटल्या भिंतीशी आडव्या रचलेल्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते थेट कोपऱ्यातल्या पिंपाशी गेले. त्या पिंपात उष्ण मुलखातली काळीकुट्ट, जाड वाईन होती, ती पेढी खानावळींना सुटी विकायची. असल्या वाईनचे दोन तांबे फिक्या पिंपात ओतले की काम फत्ते. काकांनी पिंपाचं बूच काढलं, मोजायची काठी आत सोडली, आणि वर काढून ओली खूण बघितली. पिंप दोन बोटं रिकामं होतं.

त्यांनी काठी पुसून पुन्हा आत सोडून बघितली; तेवढंच रिकामं. आणि खोटं कशाला बोला, त्यांना थोडा आनंदही झाला.

“काही हवं होतं का, साहेब?”

पुतणी जिन्यात उभी होती. हातात जेवणाचा डबा, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, आणि उजव्या बाहीवर जांभळा डाग.

“काही नाही. सहज आलो होतो.”

“सहज? काठी घेऊन?”

काकांनी काठी पाठीमागे धरली होती, पण सहा फुटी काठी माणसाच्या पाठीमागे मावत नाही. ते काहीतरी पुटपुटत वर निघून गेले. जाताना त्यांनी बाहीवरचा डाग पुन्हा एकदा बघून घेतला. कुठंतरी पाणी मुरतंय, असं ते रात्री जेवताना बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, “पाणी नाही मुरत. तुमच्या डोक्यात धाकटे भावजी मुरलेत.” काकांनी पान अर्धं टाकलं आणि उठले.

चाखायचा दिवस उजाडला. वेळ नेहमीची, सकाळी अकरा. तेव्हा तोंड स्वच्छ असतं आणि भूक नुकती लागायला लागलेली असते. उत्तरेकडची खिडकी उघडी. टेबलावर पांढरी चादर, पाच बाटल्या राखाडी मोज्यांत, प्रत्येकीपुढे एक पेला, आणि काकांच्या डाव्या हाताला पितळी पिकदाणी. मालकीणबाई समोर बसल्या होत्या. तळघर सांभाळणाऱ्यानं दाराशी उभं राहायचं आणि मोजे उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी रीत होती, तशी पुतणी दाराशी उभी होती. बाटल्यांवर एक ते पाच आकडे होते, पण कुठल्या आकड्यात कुठलं पिंप, ते मालकीणबाईंनाच माहीत होतं.

काकांनी पहिली घेतली. पेला पांढऱ्या चादरीवर तिरका धरला. फिकी, कडेला जवळजवळ पाणी. वास लहानशा लाल फळांचा, लगेच विरणारा. घोट तोंडात फिरवला आणि पिकदाणीत टाकला. आंबट, पातळ, पण खोटी नाही. दुसरी तशीच. तिसरी जराशी बरी. “वासरांत लंगडी गाय शहाणी,” काका म्हणाले, आणि मालकीणबाई हसल्या. या सालाकडून याहून जास्त कुणी मागितलंही नव्हतं.

चौथीवर काका थांबले.

रंग गडद होता. काळा नव्हे, पण पेल्यामागची बोटं दिसत नव्हती. वासाला पिकलेली चेरी आणि ओली पानं. तोंडात ती भरल्यासारखी वाटली, आणि गिळल्यासारखं केल्यावर मागं काहीतरी उष्ण, मिऱ्यासारखं राहिलं. काकांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं कोपऱ्यातलं पिंप आलं, काठीवरची ओली खूण आली, बाहीवरचा डाग आला. दुसरा घोट घेतला तर मिरं दुप्पट तिखट लागलं. जीभ मनाचं ऐकते, हे काका दुसऱ्यांना शिकवायचे.

पाचवी त्यांनी नावाला चाखली.

“चौथीचा मोजा काढा,” ते म्हणाले.

मालकीणबाईंनी मोजा उतरवला. तिसऱ्या पिंपाची बाटली. काकांनी खिशातून वसंतातलं कार्ड काढलं आणि मोठ्यानं वाचलं: “तिसरं पिंप. पाचांत सर्वांत फिकी. रंग नाहीच.” कार्ड त्यांनी चादरीवर ठेवलं आणि पेला त्याच्या शेजारी. मग दाराकडे न बघता ते म्हणाले, “मला शंका आहे.”

पुतणीचा चेहरा पांढराफटक पडला. चार वर्षांचं काम त्या एका शब्दात गेलं होतं, आणि घरी बाप होता, ज्याला हाच शब्द पुन्हा ऐकावा लागणार होता.

“त्या पिंपाला गंधक जास्त होता,” ती म्हणाली. “आलं तेव्हाच मी सांगितलं होतं, साहेब. गंधक उतरला की रंग परत…”

“हे मी ऐकलेलं आहे,” काका म्हणाले. “बावीस वर्षांपूर्वी, याच खोलीत. आणि कोपऱ्यातलं पिंप दोन बोटं रिकामं कसं, तेही सांग.”

“शेजारची दोन पिंपं मोजलीत?”

काकांनी ती मोजली नव्हती.

“तीही दोन-दोन बोटं खाली आहेत. उन्हाळा कोरडा गेला, लाकूड पितं. भर घालायला तीच वाईन लागते, दुसरी थेंबभरही चालत नाही, हा तुमचाच नियम. नवीन पिंप येईल तेव्हा भरेन. आणि बाहीचं म्हणाल तर तळघरातल्या बाईची बाही पांढरी असली, तर तिला कामावरून काढा.” तिनं कपाटाकडे बोट केलं. “साक्षीची बाटली उघडा.”

“काही गरज नाही. मला चव कळते.”

“काका,” मालकीणबाई म्हणाल्या, “नियम तुमचा आहे. उघडा.”

काकांनी गळ्यातली किल्ली काढली. खरं सांगायचं तर त्यांना कसलीही भीती वाटत नव्हती. बाटली फिकीच निघणार याची त्यांना इतकी खात्री होती, की कपाट उघडताना ते पुतणीच्या लग्नाचा विचार करत होते: नोकरी गेल्यावर आपण तिला काहीतरी मदत करावी, मोठ्या मनानं. तिसऱ्या पिंपाची बाटली त्यांनी उजेडात आणली. बुचावरच्या लाखेत अंगठ्याचा ठसा होता. तरुणपणी फुटक्या बाटलीनं त्यांचा अंगठा आडवा चिरला होता. त्या व्रणाची रेघ ठशात स्वच्छ उमटलेली होती. त्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. तंतोतंत बसला.

“माझीच आहे. कुणी हात लावलेला नाही,” ते म्हणाले, आणि लाख फोडली.

बूच निघालं. काकांनी नव्या पेल्यात वाईन ओतली आणि तो चादरीवर तिरका धरला.

पेल्यामागची बोटं दिसली नाहीत.

त्यांनी तो चौथीच्या पेल्याशेजारी ठेवला. दोन्हींकडे बघितलं. जागा बदलल्या, पुन्हा बघितलं. मग खिडकीशी नेऊन बघितलं. दोन पेल्यांत काडीचाही फरक नव्हता. वास घेतला, पिकलेली चेरी आणि ओली पानं. घोट घेतला, आणि मागं तेच उष्ण मिरं राहिलं. वसंतापासून ही बाटली त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच कुलपात, त्यांच्याच अंगठ्याखाली होती, आणि तिथं अंधारात पडल्या पडल्या ती आपली आपण सावरली होती.

पिकदाणीत थुंकायचं काका विसरले. घोट गिळला गेला.

शंका घ्यायला अजून कुठं जागा आहे का, हे त्यांच्या मनानं सवयीनं शोधून पाहिलं. ठसा, किल्ली, कपाट, कुलूप. सगळीकडे तेच स्वतः उभे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी असं लोक म्हणतात. इथं तर चोर कधी नव्हताच, आणि फाशी मात्र बावीस वर्षं चालली होती. त्यांना एकदम इतकी लाज वाटली की टेबलाची कड धरावी लागली.

“पाणी आणू का?” मालकीणबाईंनी विचारलं.

काकांनी नको म्हणून मान हलवली. चौथीच्या कार्डावर त्यांनी ‘पास’ लिहिलं. अक्षर नीट आलं नाही म्हणून खाली पुन्हा एकदा लिहिलं. मग दाराकडे वळले. पुतणी भिंतीला टेकून उभी होती आणि बाहीनं डोळे पुसत होती, त्यामुळे गालालाही जांभळं लागलं होतं.

“माझं चुकलं, बाळ,” ते म्हणाले. आणि मग, “घरी गेलीस की बाबांना सांगशील का, की…”

“नाही,” ती म्हणाली. “शंका तुम्ही लिहिली होती, साहेब. निरोप मी का नेऊ?”

तिचं बरोबर होतं. काकांनी साक्षीच्या बाटलीला बूच लावलं, एक पेला रुमालात गुंडाळला आणि टोपी विसरून ते जिना उतरले.

तीन गल्ल्या म्हणजे किती लांब? काकांना दोनदा थांबावं लागलं. काय म्हणायचं ते त्यांनी वाटेत चार प्रकारे घोळवलं आणि चारही प्रकार वाईट होते. धाकट्याच्या कारखान्याचं दार उघडं होतं. आत लाकडाच्या ढलप्यांचा वास, भिंतीला टांगलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि मधोमध एक पिंप उलटं घालून धाकटा त्याच्यावर पट्टी ठोकत होता. त्याचे केस पार पांढरे झाले होते. रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून ते कधी नीट दिसले नव्हते.

हातोडा थांबला. धाकट्यानं बघितलं. ‘दादा’ म्हणाला नाही, ‘या’ म्हणाला नाही. दारात येऊन उभा राहिला, एवढंच.

काकांनी पेला काढला, उंबऱ्यावरच वाईन ओतली आणि पुढे केली. थोडी बोटांवर सांडली.

“या सालची बर्गंडी,” ते म्हणाले. “वसंतात पाण्यासारखी होती. गंधक जास्त होता. सहा महिने माझ्या कपाटात होती, माझ्या लाखेखाली. आज उघडली. रंग बघ.”

धाकट्यानं पेला घेतला. आपल्या पांढऱ्या सदऱ्यासमोर तिरका धरला, बावीस वर्षांपूर्वी धरायचा तसाच. बराच वेळ बघत राहिला. वास घेतला. एक घोट तोंडात फिरवला, आणि शेजारच्या ढलप्यांच्या ढिगात नीट थुंकला.

“तू खरं बोलत होतास,” काका म्हणाले. “ती सावरते. तेव्हाही सावरली होती. मी…” डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

धाकट्यानं बाटली मागितली. बुचाकडे बघितलं, गळ्यापाशी राहिलेल्या लाखेच्या तुकड्यावर बोट फिरवलं.

“लाख फोडलेली आहे,” तो म्हणाला.

“हो. तिथंच फोडली, सगळ्यांसमोर.”

“मग वाटेत तुम्ही हिच्यात काही मिसळलं नाही कशावरून?”

काकांचा हात गळ्याकडे गेला. फोडलेली लाख, किल्ली, कार्ड, सगळं पेढीत राहिलं होतं. आणि आणलं असतं तरी काय उपयोग होता.

“माझा शब्द आहे रे,” ते म्हणाले. “दुसरं काय देऊ?”

“माझ्याकडेही तेव्हा तेवढंच होतं,” धाकटा म्हणाला.

तो दारातच उभा राहिला. बाजूला झाला नाही. पण पेलाही त्यानं परत दिला नाही, आणि काका उंबऱ्याबाहेर वाट बघत राहिले.